एक रेडिओ, तीन तोंडं

३ नोव्हेंबर, सोमवार. वांगणी.

अंबरनाथला पालिकेत दोन तास बसून एका ओळीची बातमी मिळाली. बैठक पुढे ढकलली. ती ओळ घेऊन घरी आलो.

लिफ्टपाशी दामले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. केमिकल कारखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण त्यांची शिफ्ट काही सुटलेली नाही. मोबाइल माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "पत्रकार, मोजा."

मोजल्या. दोन काड्या.

"दिवाळीत चार होत्या. टॉवर कोणाच्या गच्चीवर? आपल्या. आणि आपल्यालाच दोन! लिहा की काहीतरी. रोज गटारंच लिहिता."

परतीच्या पावसात टॉवरवर वीज पडली तेव्हापासूनचं हे दुखणं. दामल्यांचा मुलगा कॅनडात. रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर येतो. कालच्या रविवारी तोंड उघडलेल्या अवस्थेत पाच मिनिटं थिजला म्हणे. "जांभई देत होता की काही सांगत होता, कळलंच नाही."

बातमी आहे खरी. गटारांपेक्षा बरी.

४ नोव्हें., मंगळ.

सकाळी मजलेवारी केली. सतरा घरं, सतरा मोबाइल. वहीत तक्ता: कोणाकडे किती काड्या. बहुतेक ठिकाणी दोन, तिघांकडे एक. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मोबाइलला चार दिसल्या, पण तो विमान मोडात होता आणि त्या बॅटरीच्या काड्या होत्या.

घरी सुनंदा म्हणाली, "शास्त्रीबुवा, संस्कृत एम.ए.ला तर्कसंग्रह शिकलात तो यासाठीच का?" प्रत्यक्ष प्रमाण सर्वांत श्रेष्ठ, एवढंच सांगितलं आणि वही मिटली.

संपादकांना घाई होती म्हणून बातमी फोनवरच सांगितली. सगळी, विरामचिन्हांसकट. मथळाही दिला: 'वांगणीत मोबाइलच्या काड्या गळाल्या'. हसले. पंधरा मिनिटं बोलत होतो.

६ नोव्हें., गुरु.

पान तीन, वरच्या अंगाला. तक्ता चौकटीत. दामल्यांनी कात्रण सूचनाफलकावर लावलं. तिथे आधी 'कबुतरांना दाणे टाकू नयेत' होतं, ते काढून. पंचवीस वर्षांच्या वार्ताहरकीत फलकावर चढायची पहिलीच वेळ. जाता-येता दोनदा वाचलं. एक काना चुकलाय.

८ नोव्हें., शनि.

सुनंदाने गच्चीवर आवळ्याच्या फोडी वाळत घातल्या होत्या. कावळ्यांपासून त्यांचं रक्षण हे माझं आजचं खातं. वर गेलो तर टॉवरच्या खांबाखाली एक बाई. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, हातात पाना. पस्तिशीच्या. टॉवरची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या इंजिनीअर, उज्ज्वला भोईर. अंबरनाथच्याच, तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या.

"तुम्हीच का ते काड्यावाले?"

"मीच."

"एक विचारू का काका? या आठवड्यात तुमचा कॉल कट झाला?"

आठवून पाहिलं. "नाही."

"आवाज तुटला?"

"नाही."

"बातमी कशी पाठवलीत?"

"फोनवरून." हे म्हणताना मला माझंच उत्तर जिना चढून येताना दिसलं.

"किती वेळ बोललात?"

"पंधरा मिनिटं."

"अख्खी बातमी इथून, याच टॉवरवरून सांगितलीत. एकदाही न तुटता. की इथे नेटवर्क नाय." पाना आवळत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग दाखवलं. वर तीन अँटेना. एक आमच्या सोसायट्या आणि स्टेशनकडे तोंड करून. दुसरा फार्महाउसांकडे. तिसरा मागे, डोंगराखालच्या ठाकूरवाडीकडे. अँटेना म्हणजे नुसतं तोंड. बोलतो तो त्याच्या मागचा राखाडी डबा, त्याला ही मंडळी रेडिओ म्हणतात. तीन तोंडांना तीन रेडिओ. विजेने त्यातले दोन जळाले, आमच्या बाजूचा तेवढा वाचला. नवे कधी येणार? 'प्रोसेसमध्ये आहेत.'

तर हिने काय केलं, वाचलेल्या रेडिओच्या तारेत एक फाटा बसवला. मुठीएवढा डबा, एकीकडून तार आत, दुसरीकडून तीन बाहेर. स्प्लिटर. एका रेडिओवर तिन्ही तोंडं. प्रत्येकाला तिसरा हिस्सा.

मी खूश होऊन म्हटलं, "अहो, हा तर आमचा देहलीदीपन्याय! उंबऱ्यावर दिवा ठेवला की घरातही उजेड आणि अंगणातही."

"नाय काका. दिवा दोघांनी बघितला म्हणून कोणाचा उजेड कमी होत नाय. इथे होतो. ही पाण्याची टाकी समजा. एक नळ होता तिथे तीन सोडले. धार बारीक होणारच. पण हंडा भरतो ना?"

"दामल्यांचा व्हिडिओ अडकतो."

"अडकणार. संध्याकाळी सगळे एकाच डब्यावर येतात ना. ते खरंय, ते मी नाकारत नाय." खाली वाकून अवजारं पिशवीत भरली. "पण काड्या आणि बोलणं या दोन गोष्टी आहेत. तुम्ही काड्या मोजल्या."

तेवढ्यात कावळ्याने आवळा नेला. दोन्ही खाती बुडाली.

९ नोव्हें., रवि.

मीमांसेत एक भेद आहे. तंत्र आणि आवाप. एकदाच केलेली गोष्ट अनेकांच्या कामी येते ते तंत्र, जसा पंगतीतला दिवा. प्रत्येकासाठी वेगळी करावी लागते तो आवाप, जसं पानात वाढणं. कॉलेजात यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा. मी पाठ करून लिहायचो.

भोईरबाईंचा रेडिओ या दोहोंत कुठे बसतो? दिवा म्हणावा तर वाटला की उणा होतो. वाढणं म्हणावं तर वाढपी एकच. माझ्या मते तो तिसरा प्रकार. पंगतीत तूप संपत आलंय, हे ओळखून वाढप्याने हात आखडता घेणं. शेवटच्या पानापर्यंत धार पोचली पाहिजे.

पहिल्या पानावरचा माणूस मात्र म्हणणारच, गेल्या लग्नात तूप जास्त होतं.

१० नोव्हें., सोम.

कंपनीचे साहेब आले, गाडीतून, कात्रण घेऊन. गच्चीवर अर्धा तास. स्प्लिटर 'मंजूर यादीत नाही', म्हणून काढायचा. एक रेडिओ तर एकच अँटेना, जिकडून तक्रार आहे तिकडचा. बाकीच्या दोघांनी रेडिओ येईपर्यंत थांबावं.

दुपारी चार काड्या. दामल्यांनी पेढे वाटले. "लेखणीची ताकद!" मी दोन खाल्ले. इथे खोटं लिहून कोणाला फसवू?

भोईरबाई तो मुठीएवढा डबा हातात घेऊन जिना उतरत होत्या. दामल्यांनी पेढा पुढे केला.

"नको. सोमवार आहे."

माझ्याकडे पाहिलंही नाही.

१३ नोव्हें., गुरु.

स्टेशनबाहेर हिराबाई बसली होती करांद्याचे रानकंद घेऊन. ठाकूरवाडीची. सुनंदाचं तिच्याशी बरंच जुनं. करांद्यांपेक्षा गप्पाच जास्त विकत घेते.

"फोन का लागत नाही गं तुझा? चार दिवस लावतेय."

"लागल कसा, वयनी? वाडीत टावरच नाय आता. वायरवाली ताय होती ना, तिनं काय तरी जुगाड करून चालू केला होता. मंग कोनी तरी पेपरात लिवला आन् सायबानं बंद केला."

मी करांदे निवडायला लागलो. मला करांद्यातलं काही कळत नाही.

"आन् फोनचं सोडा. अंगठाच लागं ना."

वाडीतलं रेशनचं दुकान बायकांच्या बचत गटाचं. ते हिराबाई बघते. गोणी आल्यात, तांदूळ आहे, पण अंगठ्याच्या मशीनला रेंज लागते. रेंज नाही तर अंगठा नाही, अंगठा नाही तर धान्य नाही. महिना संपला की त्या महिन्याचा वाटा गेला.

"कोन मेल्यानं लिवला काय म्हाईत."

सुनंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिराबाई, अर्धा किलो जास्तच दे आज."

घरापर्यंत पिशवी मी धरली. सुनंदा दहा पावलं पुढे चालत होती. तिची पाठ मला तीस वर्षांच्या संसाराच्या सरावाने सविस्तर वाचता येते.

१६ नोव्हें., रवि.

वाडीत जाऊन आलो. पायवाटेने पाऊण तास.

दुकानाच्या ओट्यावर हिराबाई. आधी पाणी दिलं. मग मी सांगितलं, लिहिलं ते मीच.

तिने तांब्या खाली ठेवला. मग मागे वळून ओरडली, "अगं ये शांते, ह्ये बघ, आपला टावर खाल्लेला मानूस आला!" सहा-सात बायका बाहेर आल्या आणि मला नीट पाहून घेतलं. कोणी शिवी दिली नाही. एक हसली, मग सगळ्या हसल्या. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

"मंग आता चला वर. मशीन तुमी घ्या."

वर म्हणजे वाडीमागचा कडा. तिथे एका दगडाशी पलीकडच्या कुठल्याशा टॉवरची एक काडी येते, जाते. या आठवड्यात तरणी माणसं तिथे चढून अंगठा लावून आली. त्यांचं धान्य झालं. उरलीत ती म्हातारी. अठरा. गुडघे गेलेली, डोळे गेलेले, एकजण तर अंथरुणावर. आज एकाने आईला पाठुंगळीला घेऊन वर आणलं. मी मशीन धरून मागे. माझी धाप तिच्या पोरापेक्षा मोठी.

म्हातारीचा अंगठा झिजलेला, रेषाच नाहीत. सहाव्यांदा लागला. लागला तेवढ्यात काडी गेली. पुन्हा आली, पुन्हा अंगठा. दीड तासात त्या एकीचं झालं. राहिले सतरा.

उतरताना हिराबाईने बाकीचं सांगितलं. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं बदलापूरच्या वीटभट्ट्यांवर जातात. यंदा खोळंबलीत. म्हाताऱ्यांच्या मडक्यात तांदूळ पडल्याशिवाय त्यांना मागे सोडून जायचं कसं? भट्टीवाला रोज निरोप धाडतोय. आणखी थांबलात तर दुसरी माणसं लावतो, म्हणतोय.

हे सगळं माझ्या तक्त्यात नव्हतं. त्यात सतराच घरं होती.

१७ नोव्हें., सोम.

संपादकांना फोन. सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी काड्या कमी म्हणून लिहिलंत, आता काड्या जास्त आहेत म्हणून लिहायचं?"

"होय."

"वाचक काय म्हणेल?"

"वार्ताहर मूर्ख आहे म्हणेल. बरोबरच म्हणेल."

"पाहतो जागा असली तर."

मग कंपनीच्या तक्रार क्रमांकावर. पाऊण तास संगीत ऐकलं. मुलगी हिंदीत म्हणाली, तक्रार त्याच नंबरवरून आणि त्याच जागेवरून करावी लागेल. म्हटलं, बाई, त्या जागेवरून फोनच लागत नाही, हीच तर तक्रार आहे. म्हणाली, मग सर, ॲपवरून करा.

संस्कृतात याला अन्योन्याश्रय म्हणतात. हिंदीत 'और कुछ सहायता, सर?'

१९ नोव्हें., बुध.

छापून आलं. पान सात, तळाशी, चार ओळी: 'वांगणीनजीकच्या वाडीत मोबाइल सेवा विस्कळीत'. स्प्लिटर नाही, म्हातारी नाहीत, माझी चूक नाही. वर लग्न जुळवणाऱ्या मंडळाची जाहिरात.

फलकावर हे कात्रण लागलं नाही. मीही लावलं नाही.

२१ नोव्हें., शुक्र.

उल्हासनगरला पाण्याच्या मोर्चासाठी गेलो होतो. मोर्चा लवकर आटपला, पाणी आलं. मग कॅम्प तीनमध्ये चेलारामशेठचं दुकान शोधलं. भोईरबाईंनी स्प्लिटर तिथून नेला होता, असं त्या दिवशी गच्चीवर बोलता बोलता म्हणाल्या होत्या. दुकान म्हणजे तारांचं जंगल. मधे शेठ, चष्मा कपाळावर.

"साईं, वो मॅडम? बरोबर, माझ्याकडूनच. कंपनीचा अस्सल माल आहे हां, ड्युप्लिकेट नाय. त्यांच्याच कंपनीने जुना म्हणून भंगारात दिला, मी साफ केला, मॅडम परत घेऊन गेली. अब बोलते हैं मंजूर नहीं! अरे, तुम्हारा ही बच्चा है!"

विचारलं, आणखी एक आहे का. मी घेऊन काय करणार होतो, देव जाणे. खांबावर चढणार होतो बहुतेक.

"होता ना. पण परसों मॅडमच घेऊन गेली."

"कशाला?"

शेठने चष्मा डोळ्यांवर घेतला. "आप पेपरवाले हो ना? मग मला काय माहीत."

२३ नोव्हें., रवि.

सोसायटीची सभा. माझाच अर्ज होता. ठरावाचा मसुदा: 'आमच्या बाजूचा सिग्नल कमी झाला तरी चालेल, परंतु रेडिओ येईपर्यंत तिन्ही अँटेना चालू ठेवावेत, अशी आमची विनंती आहे.'

दामल्यांनी मोठ्याने वाचला. दोनदा. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

"कमी द्या अशी मागणी करणारी सोसायटी मी आयुष्यात पाहिली नाही."

"मग पहिली आपली," सुनंदा म्हणाली.

"वहिनी, मनावर घेऊ नका, पण पाणी कमी द्या म्हणून अर्ज कराल?"

"शेजारच्याला थेंब नसेल तर करीन."

एकजण म्हणाला, सरकारने करावं. दुसरा म्हणाला, आज वाडीला दिलं, उद्या फार्महाउसवाले मागतील. मी म्हटलं, त्यांनाही मिळेल, तेही तिसऱ्या हिश्शातच आहेत. "म्हणजे आपण रेंज द्यायची आणि त्यांनी तिथे पार्ट्या करायच्या?" यावर पंधरा मिनिटं गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "माझ्या दोन घ्या हो, मला काय करायच्यात," आणि मोबाइल टेबलावर ठेवून दिला.

शेवटी दामले हळू बोलले. इतके हळू ते बोलत नाहीत. "पत्रकार, तुमची मुलगी बदलापुरात आहे. तासाभरात येते. माझा मुलगा वर्षातून एकदा. मधले सगळे रविवार त्या एवढ्याशा काचेत असतात. तेही मी अडकवून घ्यायचे?"

मी मसुद्याची माझी प्रत घडी घालून खिशात ठेवली.

मतदानाला टाकला तेव्हा कळलं, गणसंख्या पुरी नाही. दोघं आधीच क्रिकेट बघायला गेले होते. ठराव पुढच्या सभेवर. पुढची सभा डिसेंबरात.

२४ नोव्हें., सोम.

दामल्यांवर लिहिणं सोपं आहे. मी रोज मनात लिहितो आणि हसतो. पण काल रात्रभर त्यांचं ते वाक्य. तीन तोंडं आहेत, तिन्ही खरी आहेत. वाटून घेताना एखादं तोंड खोटं असतं तर किती सोयीचं झालं असतं.

तरी मुलाचा चेहरा आणि म्हातारीचा तांदूळ, हे एकाच तराजूत...

नाही. चेहरा अडकला तर पुढच्या रविवारी दिसतो. नोव्हेंबरचा तांदूळ डिसेंबरात मिळत नाही. एवढंच. न्यायशास्त्र लागत नाही याला.

२६ नोव्हें., बुध.

भोईरबाई दुपारी घरी. सुनंदाने बोलावलं होतं, मला न विचारता. आवळ्याचा चहा की सरबत, काहीतरी दोघी पीत होत्या.

मी म्हटलं, "त्या बातमीत मी फार मोठा..."

"राहू दे काका. माझे बाबा म्हणतात, नांगर मोडला की बैलाला शिव्या देऊन काय उपयोग."

"म्हणजे मी बैल."

"मी तसं बोलले का?" पण हसली. पहिल्यांदा.

रेडिओचं विचारलं. पंधरा डिसेंबर म्हणतात. म्हणजे नाताळ.

"वाडीत आता किती राहिलेत?" तिने विचारलं.

"हिराबाई काल आली होती. सोळा. दोन आठवड्यांत त्या कड्यावर दोघांचं झालंय."

भोईरबाईंनी उरलेलं एका घोटात संपवलं. मग सांगितलं, काम सांगावं तसं. बंद अँटेनाची महिन्यातून एकदा तपासणी करता येते. ती तिच्या अधिकारात आहे. तपासणीसाठी तार जोडायला लागते. कशातून जोडायची, ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.

"किती वेळ चालते तपासणी?"

"फॉर्मवर सुरू केल्याची वेळ असते आणि संपवल्याची असते."

"साहेबांना कळलं तर?"

"तिकडे ऑफिसात बोर्डावर दिसतंच काका. कोणी बघितलं तर. तक्रार आली तर शंभर टक्के बघतात." ग्लास खाली ठेवला. "एकदा लेखी ताकीद मिळालीय. दुसऱ्यांदा ताकीद नाय देत. सरळ नारळ देतात."

दारात चपला घालताना म्हणाली, "एक मागू? यावर काही लिहू नका. चांगलंसुद्धा."

पंचवीस वर्षांत लिहा म्हणून खूप जणांनी सांगितलं.

२९ नोव्हें., शनि.

हिराबाईला स्टेशनवर गाठून सांगितलं, उद्या सकाळी नऊपासून मशीन चालू करून बस. का, ते विचारलं नाही. "म्हाताऱ्यांना न्हाऊ घालून ठेवते," म्हणाली. "अंगठे चांगले घासून."

"घासू नको, अजून झिजतील."

"बरा, मंग नुसत्या धुते."

सुनंदा म्हणते, तू उद्या गच्चीवर जाऊ नकोस, खालीच बस, तुझ्याकडे पाहून काहीतरी चाललंय हे कोणालाही कळतं.

३० नोव्हें., रवि.

८.४० ला भोईरबाई आल्या. नमस्कार केला, वर गेल्या. मी पेपर उलटा धरून बसलो होतो, सुनंदाने सुलटा केला.

९.२५. माझ्या मोबाइलवर चाराच्या दोन झाल्या. इतकं चांगलं मला कधी वाटलं नव्हतं.

९.४१ हिराबाईचा फोन. वाडीतून, दुकानाच्या ओट्यावरून. मागे कोंबडे. "भाऊ, लागला! धोंडूआज्याचा पयल्याच दणक्याला लागला!" आणि ठेवून दिला. बोलायला वेळ कुठे तिला.

दुपारपर्यंत अकरा. पहिलं घर वीटभट्टीकडे निघालं, असं तीनच्या फोनवर कळलं. भांडी, गोधड्या, दोन बकऱ्या. चारपर्यंत चौदा. दोन राहिलेत. एकीच्या अंगठ्यावर काहीच उमटत नाही, बाकीची बोटं करून बघतायत. दुसरा तो अंथरुणावरचा. त्याच्या घरी मशीन न्यायचं म्हणतायत.

भोईरबाई साडेचारला उतरल्या. पिशवी हलकी वाटली. फॉर्म सुनंदाच्या हातात दिला, सोसायटीची सही लागते, ती कमिटीवर आहे. सुरू केल्याची वेळ ९.२०. संपवल्याच्या वेळेचा रकाना कोरा.

सुनंदाने काही न विचारता सही केली.

"जाते काकी. गाडी आहे."

सहाला संपादक. उद्याचं पान रिकामं आहे, वांगणीतून काही आहे का? म्हटलं, नाही. आवाज नेहमीसारखा निघाला असावा. त्यांनी पुढचं विचारलं नाही.

साडेसहाला दामले. आमच्या घरी, सदरा-लेंग्यात, हातात मोबाइल. कॅनडात सकाळ झालेली. मुलगा अडकला होता. डोळे अर्धे मिटलेले.

"ती मॅडम आली होती ना आज?"

"आली होती."

"काय करून गेली?"

"तपासणी."

"संपली?"

"वेळ लिहिलेली नाही."

माणूस आयुष्यभर कारखान्यात फॉर्म भरत होता, त्याला कोरा रकाना समजावून सांगावा लागत नाही. अंगठा मोबाइलवर फिरत होता. ॲप कंपनीचं होतं की नुसतंच काही, मला दिसलं नाही.

"वाडीत किती राहिलेत?"

"दोन."

"महिना उद्या बदलतो."

"हो."

"मशीन किती वाजेपर्यंत चालतं?"

"माहीत नाही. चालू असेल तोवर."

बसा म्हटलं. बसले नाहीत. सुनंदा चहा टाकते म्हणाली. तोही नको. दारात थांबून म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंत तर..." आणि वाक्य तिथेच सोडून जिना उतरले. लिफ्ट चालू असताना जिना.

आता सात वाजलेत. त्यांच्या घरातून आवाज येत नाही, ना कॅनडाचा, ना त्यांचा. फॉर्म टेबलावर. सुनंदा स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा विचारतेय, बघ ना लागतोय का.

हिराबाईला लावलाय. रिंग जातेय.